खाऱ्या बाजूच्या शिरसाटबाई

शिरसाटबाई कुणाकडे गेल्या आणि समोर पाण्याचा पेला आला, की त्या तो आधी उजेडाकडे धरायच्या आणि विचारायच्या, "कोनत्या विहिरीचं हाय?"

घरातली बाई गडबडून जायची. "नळाचं हाय, बाई."

"नळात कुठून आलं?"

याचं उत्तर बहुतेकांकडे नसायचं. मग बाई एक घोट तोंडात घोळवायच्या, गिळायच्या आणि पेला खाली ठेवायच्या. उरलेलं पाणी प्यायचं की नाही, ते त्या एका घोटावर ठरायचं. मी आठवीत असताना त्या आमच्या घरी आल्या होत्या. माझ्या वहीतला नकाशा दुसऱ्याच कुणी काढून दिला असावा असा त्यांना संशय होता, आणि तो खरा होता. नकाशा माझ्या थोरल्या बहिणीनं काढला होता. त्या दिवशी आईनं दिलेल्या पेल्यातलं पाणी त्यांनी अर्धं ठेवलं. त्या गेल्यावर आई म्हणाली, "आपल्या घरचं पाणी त्यांना चालत नाही." आणि म्हणता म्हणताच ती गप्प झाली. हेच वाक्य आमच्या ओट्यावर पूर्वी किती वेळा उलट्या बाजूनं बोललं गेलं होतं, ते तिला माहीत होतं.

आमचं बोरखेडी हे हिवरखेड-तेल्हाऱ्याकडचं गाव. उत्तरेला सातपुड्याची निळी रेघ, दक्षिणेला पूर्णेपर्यंत काळी, सपाट जमीन. गावाच्या मधून एसटीचा रस्ता जातो. रस्त्याच्या वरच्या अंगाला विहिरींचं पाणी गोड आहे. खालच्या अंगाला खारपाणपट्टा सुरू होतो. तिथलं पाणी तोंडात धरवत नाही, त्यात तुरीची डाळ शिजत नाही आणि पितळेच्या गुंडावर पांढरा थर चढतो. गोड बाजूला वकील, भटजी, मास्तर, जमीनवाले. खाऱ्या बाजूला बौद्धांची वस्ती आणि बाकीची मजुरांची घरं. आधी पाणी वाटलं गेलं की आधी माणसं, हे शाळेच्या पुस्तकात नव्हतं. खाऱ्या बाजूला एकच विहीर गोड्या पाण्याची. तिला गाव 'वकिलाची विहीर' म्हणायचं. वकील म्हणजे माझे आजोबा. आणि शिरसाटबाई खाऱ्या बाजूच्या.

त्या जिल्हा परिषदेच्या शाळेत भूगोल शिकवायच्या. उंच, हाडकुळ्या, चष्म्याला काळी दोरी, दोन्ही खांद्यांवरून घट्ट पदर. वर्गात कुणी काहीही सांगितलं की त्यांचा प्रश्न ठरलेला: "पाह्यलं का आयकलं?" ऐकलेलं असेल तर ते फळ्याच्या डाव्या कोपऱ्यात लिहायचं, पाहिलेलं असेल तर उजव्या. वर्ष संपेपर्यंत डावा कोपरा भरून वाहायचा.

एकदा एका मुलानं सांगितलं, आपला नाला सातपुड्यातून निघतो. शाळेच्या भिंतीवर रंगवलेल्या नकाशातही तसंच होतं. निळी रेघ थेट डोंगरातून आलेली. बाईंनी विचारलं, "कोन गेलं होतं डोंगरापावतर?" कुणीच गेलं नव्हतं. रविवारी त्यांनी वर्ग गोळा केला आणि नाल्याच्या काठानं आम्हाला चालवत नेलं. दुपारी नाला एका संत्र्याच्या बगीच्यामागच्या पाणथळ बांधात संपला. डोंगर तिथूनही तेवढाच लांब दिसत होता. सोमवारी बाईंनी ओल्या फडक्यानं भिंतीवरची निळी रेघ डोंगरापासून त्या बांधापर्यंत पुसून टाकली. मुख्याध्यापक धावत आले. "बाई, सरकारी नकाशावरून काढलेलं आहे ते!"

"सरकार चालत गेलं होतं का?" बाई म्हणाल्या. फडकं पिळत होत्या.

शाळेत हे कौतुकाचं वाटायचं. शेजाऱ्यांना तेवढं वाटत नसे. गॅसचं सिलिंडर आलं की बाई ते काट्याला लटकवून वजन करायच्या. वजन दर वेळी बरोबर निघायचं आणि तरी पुढच्या वेळी काटा बाहेर यायचाच. सिलिंडरवाला हसायचा, मग हसणं बंद झालं, मग तो सिलिंडर दाराबाहेरच ठेवून जायला लागला. शेजारच्या कांताबाईंवर तर त्यांनी पत्रं उघडून वाचण्याचा आरोप ठेवला. बाई गावाला गेल्या की टपाल कांताबाई घेऊन ठेवायच्या, आणि एका पाकिटाची चिकटपट्टी सुटलेली निघाली होती. दोन वर्षं अबोला. पुढं कळलं की त्या पाकिटांचा डिंकच वाईट होता, सगळ्या गावाची पाकिटं सुटत होती. बाईंनी माफी मागितल्याचं कुणी सांगत नाही. पण त्या वर्षी कांताबाईंच्या मुलीला त्यांनी रोज संध्याकाळी घरी बसवून दहावीचा भूगोल करून घेतला.

मी पुढं अकोल्याला शिकलो आणि नोकरी लागून बोरखेडीलाच परत आलो. ग्रामपंचायतीची नगरपंचायत झाली होती आणि मी तिथं लिपिक. मुख्याधिकारी बाहेरचे होते, तरुण. एक दिवस त्यांनी मला बोलावून सांगितलं, "आपल्या शहराची माहिती लिहा. भूगोल, लोक, इतिहास. दहाएक पानं. वेबसाइटवर टाकू, पुस्तिकाही काढू. तुम्ही इथले आहात, जुन्या घरातले."

मी चार दिवसांत लिहून दिलं. विहिरीवर एक परिच्छेद होता: खालच्या वस्तीचे पाण्यावाचून होणारे हाल पाहून वकीलसाहेबांनी पुढाकार घेतला आणि वस्तीसाठी विहीर खोदून दिली. मसुदा हरकतींसाठी फलकावर लावला. दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमारास शिरसाटबाई माझ्या टेबलासमोर उभ्या होत्या. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती. केस पांढरे, पाठ थोडी वाकलेली, चष्म्याची दोरी तीच.

"माधव, हे विहिरीचं तुवा पाह्यलं का आयकलं?"

"बाई, मी जन्मलो नव्हतो. पण घरात सगळे सांगतात."

"म्हंजे आयकलं." त्या खुर्चीवर बसल्या. "माहा बाप सांगे, ते विहीर आमच्या लोकायनं खोदली. वरच्या विहिरीवर घागर लावू देत नव्हते म्हनून. बाप सोता त्यात होता."

मला राग आला. माझ्या आजोबांचं नाव पुसायला ही बाई आली आहे, असंच माझ्या मनात आलं. मी म्हणालो, "आणि ते तुम्ही पाहिलं, बाई?"

त्या एकदम थांबल्या. "नाई. मी तवा मायच्या पोटात होती." मग म्हणाल्या, "ठीक हाय. तुहंही आयकलेलं, माहंही आयकलेलं. दोन्ही लिहू नको. कागद काढ."

जुन्या ग्रामपंचायतीचे कागद मागच्या खोलीत होते, लाल फडक्यात बांधलेली गाठोडी. मुख्याधिकाऱ्यांनी परवानगी दिली. तीन दिवस मी गाठोडी सोडत होतो आणि बाई स्टूल टाकून दारातच बसल्या होत्या. मला मदत करायला नव्हे, माझ्यावर नजर ठेवायला. मी कागद उलटला की त्यांचे डोळे माझ्या बोटांवर. मी खोकलो तरी त्या पाहायच्या. "काऊन रे, काय सापडलं?" मीही कमी नव्हतो. त्या वाकून वाचायला लागल्या की मी त्यांच्या पिशवीकडे पाहायचो. ज्यांनी मला नकाशा वाचायला शिकवलं, त्यांच्या पिशवीकडे.

शुक्रवारी संध्याकाळी विहिरीच्या वेळच्या वर्षांचं गाठोडं सापडलं. वरच्या फडक्यावर सालं लिहिलेली होती. उशीर झाला होता. सोमवारी उघडू, असं ठरलं. बाईंनी गाठ स्वतः पाहून घेतली आणि गेल्या. सोमवारी मी कुलूप काढलं तेव्हा गाठ वेगळी होती. आत सालवार लावलेले कागद होते, पण मधलं एक साल नव्हतं.

बाई उठून बाहेर मोठ्या खोलीत गेल्या. तिथं सगळा स्टाफ होता, दाखल्यांसाठी आलेली माणसं होती. सगळ्यांसमोर त्या म्हणाल्या, "वकिलाच्या नातवानं कागद गायब केला. चावी त्याच्याजवळच हाय."

मुख्याधिकाऱ्यांनी माझ्याकडून लेखी खुलासा मागितला. बातमी दुपारपर्यंत दोन्ही बाजूंना पोचली. खाऱ्या बाजूची माणसं माझ्याकडे दाखला मागायला यायची बंद झाली; शेजारच्या टेबलावर जायची. गोड बाजूचे लोक चहाच्या टपरीवर मला थांबवून सांगायचे, "अरे, तिनंच नेला असंल. कागदात आपल्याइरुद्ध काही नव्हतं, म्हनून नेला." मला ते पटत होतं. मी मनातल्या मनात बाईंची पिशवी पुन्हा पुन्हा झडती घेतल्यासारखी रिकामी करत होतो. पत्नी म्हणाली, "तुम्ही त्यांना सरळ जाऊन का विचारत नाही?" मी म्हणालो, "चोर कधी कबूल करतो का?" हे शिरसाटबाईंबद्दल मी बोललो. ते वाक्य अजून माझ्या घरात कुठंतरी असेल.

दोन आठवड्यांनी अमरावतीहून काकांचा फोन आला. माझे थोरले काका, तेही वकील, आता घरीच असतात. इकडचं तिकडचं बोलून म्हणाले, "त्या गाठोड्यात बाकी काही विशेष नव्हतं ना रे?"

"कोणत्या गाठोड्यात?" मी विचारलं. गाठोड्याचं मी त्यांना कधीच सांगितलं नव्हतं.

काकांनी फोनच ठेवला. आणि मला तो शुक्रवार आठवला. बाई गेल्यावर काका आले होते, घराच्या उताऱ्यासाठी. "आमच्या बाबांच्या वेळचं दप्तर पाहू दे जरा," म्हणून मागच्या खोलीत बसले होते. साहेबांनी हाक मारली म्हणून मी दहा मिनिटं त्यांना तिथं एकटं सोडलं होतं. इतके दिवस हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. परका माणूस असता तर पहिल्याच दिवशी आलं असतं.

मी दुसऱ्या दिवशी रजा टाकून अमरावतीला गेलो. काकांनी नाही म्हटलं नाही. कपाटातून एक जाड पाकीट काढून टेबलावर ठेवलं आणि खिडकीकडे तोंड करून बसले. "वाचून परत ठेवणारच होतो मी."

आत आजोबांच्या हातचा अर्ज होता. गावातल्या समस्त विहीरधारकांच्या वतीनं. खालच्या वस्तीत नवी विहीर खोदल्यास वरच्या विहिरींचं पाणी आटेल, सबब परवानगी देऊ नये, अशी विनंती. खाली आजोबांची सही. त्यामागं पंचायतीचा ठराव: अर्ज फेटाळला, विहीर वस्तीनं श्रमदानानं खोदावी. आणि शेवटी श्रमदान करणाऱ्यांची यादी. अकरा नावं, अकरा अंगठे.

"बाबांचं त्या गावात एकच नाव उरलं आहे," काका म्हणाले. "तेही जायचं का?"

"काका, मला गावात चोर म्हणतात."

मी पाकीट घेतलं. त्यांनी अडवलं नाही.

परत येताना बसमध्ये मी ती यादी पुन्हा वाचली, तेव्हा माझ्या लक्षात आलं. बाई माहेरचंच आडनाव लावायच्या, आणि अकरा नावांत शिरसाट आडनाव एकदाही नव्हतं.

मी थेट बाईंच्या घरी गेलो. खाऱ्या बाजूला, विहिरीपासून चौथं घर. कागद त्यांच्या हातात दिले आणि सगळं सांगितलं, काकांसकट. मला वाटलं होतं त्या आता तरी म्हणतील, माझं चुकलं, माधव. त्यांनी आधी अर्ज वाचला. मग भिंग काढलं.

"हे अक्षर तुह्या आज्याचंच कशावरून?"

"सही आहे ना, बाई."

"सही कोनीही करते. त्याच्या हातचं दुसरं काही घेऊन ये."

माझा माझ्या कानांवर विश्वास बसेना. कागद त्यांच्या बाजूचा होता. जे त्या आयुष्यभर सांगत आल्या होत्या तेच त्यात लिहिलेलं होतं. आणि तरी त्यांना त्याचा संशय. मी घरून आजोबांनी वडिलांना लिहिलेली दोन पत्रं आणली. बाई दीड तास 'ळ' आणि 'क्ष' ताडून पाहत बसल्या. शेवटी म्हणाल्या, "त्याचंच हाय." आवाजात कसलाही आनंद नव्हता. माझ्याकडे पाहून म्हणाल्या, "तुले वाईट वाटलं असंल."

"वाटलं."

"मले माहीत हाय वाईट वाटते म्हनजे काय." आणि मग त्यांनी यादीचं पान घेतलं.

मी उठून बाहेर जावं असं मला वाटत होतं, पण गेलो नाही. त्यांचं बोट एकेका नावावरून खाली सरकत गेलं. शेवटपर्यंत गेलं. पुन्हा वर आलं. पुन्हा खाली. पान उलटून त्यांनी मागची बाजू पाहिली. मागं कोरं होतं.

"बाई," मी म्हणालो, "तुमच्या वडिलांचं नाव आपण पुस्तिकेत घालू. बाकीच्यांबरोबर. कोण तपासायला येणार आहे?"

त्यांनी चष्मा काढला. "अकरा लिही."

"पण तुम्ही स्वतः वडिलांच्या तोंडून..."

"अकरा लिही म्हटलं ना, माधव."

तसं लिहिलं. आजोबांचा अर्ज फेटाळला गेला, हेही लिहिलं. गोड बाजूनं मला बरंच ऐकवलं. काका अजून माझ्याशी नीट बोलत नाहीत. त्याच आठवड्यात बाई कार्यालयात आल्या आणि त्याच मोठ्या खोलीत, लोकांसमोर, उभ्यानं म्हणाल्या, "कागद माधवनं नाई नेला. म्या खोटं बोलली." एवढंच बोलून गेल्या. नगरपंचायतीनं विहिरीवर अकरा नावांची पाटी लावली. खाऱ्या बाजूच्या काही म्हाताऱ्यांना अजून संशय आहे की बाईंनी गोड बाजूशी काही तडजोड केली. नाहीतर स्वतःच्या बापाचं नाव कोण सोडतं?

पुढं बाई आपल्या मुलीकडे अमरावतीला डोळ्याच्या ऑपरेशनसाठी गेल्या. ऑपरेशन नीट झालं, पण महिन्याच्या आत तिथंच त्यांचं हृदय थांबलं. त्यामुळे त्या निघाल्या ती सकाळच माझ्यापुरती शेवटची.

मी नळाच्या तक्रारीसाठी खाली गेलो होतो. बाई विहिरीच्या कठड्यावर बसल्या होत्या, बाजूला प्रवासाची पिशवी. ऑटोची वाट पाहत होत्या. मला पाहून सरकल्या. मी बसलो.

"लहान होती तं माहा बाप मले खांद्यावर बसवून इथं आने," त्या म्हणाल्या. "म्हने, हे म्या खोदली. दर वक्ती म्हने."

"त्या वेळी ते गावात नसतील. अंगठे घेतले त्या दिवशी."

"असंल. नाईतर कामाले अकोल्याले गेला असंल. नाईतर घरी असून आलाच नसंल." त्या पाण्याकडे पाहत होत्या. "सगळ्या गावाले इचारलं म्या आतापावतर. त्याले इचाराचं राहून गेलं. मले वाटे, बापाले काय इचाराचं."

खाली पाण्यात आमच्या दोघांची डोकी दिसत होती.

ऑटो आला नाही. मी म्हणालो, "चला, मी सोडतो स्टँडवर." त्यांनी माझ्या मोटारसायकलचं मागचं चाक दाबून पाहिलं, ब्रेक लागतो का विचारलं, आणि मग एका बाजूनं बसल्या. स्टँडवर त्यांनी अमरावतीची पाटी असलेल्या गाडीच्या कंडक्टरला विचारलं, गाडी अमरावतीलाच जाते ना. मग ड्रायव्हरलाही विचारलं. मी पिशवी वर ठेवून दिली आणि खाली उतरलो.

त्यांनी खिडकीची काच सरकवली. "तू जाय आता. हापिसाले उशीर होईल."

"जातो, बाई."

गाडी निघाली. मी तिथंच उभा होतो. फाट्यावर वळताना गाडी जराशी थांबली, आणि खिडकीतून बाईंनी डोकं बाहेर काढून मागं पाहिलं, मी खरंच गेलो की नाही ते बघायला.